वाचकांचे प्रश्न : चीनमधल्या गनिमी पथकांचे युद्धकालीन फोटो

१९४२ ते १९४५ या काळात अमेरिकी हेरखात्याच्या (ओएसएस) आणि नौदलाच्या माणसांनी चीनमध्ये गनिमी पथकांना शिकवलं. त्या प्रशिक्षणाचे फोटो जमवणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी या विषयात नवीन आहे. विक्रेते प्रत्येक फोटोला ‘ओएसएस, चीन’ म्हणतात. नेमकं कोण कोणाला शिकवत होतं? (नागपूर)

उत्तर : हे आधी नीट समजून घ्या, कारण निम्म्या चुकीच्या खरेद्या इथेच होतात. अमेरिकी प्रशिक्षणाचे निदान चार वेगळे प्रवाह होते.

पहिला साको, म्हणजे चीन-अमेरिका सहकार्य संघटना. एप्रिल १९४३ च्या करारानुसार चिनी गुप्त पोलिसांचे प्रमुख ताई ली तिचे संचालक होते आणि अमेरिकी नौदलाचे मिल्टन माइल्स उपसंचालक. मुख्य ठाणं चुंगकिंग या चीनच्या युद्धकालीन राजधानीबाहेरच्या डोंगरात होतं. अमेरिकी माणसं त्याला ‘हॅपी व्हॅली’ म्हणत. प्रशिक्षण छावण्यांना क्रमांक होते : पहिली आन्हुई प्रांतात शिउंगत्सुन इथे, तिसरी होनानमध्ये लिनरू इथे, चौथी पार वायव्येला सुईयुआनमधल्या शानपा इथे, सहावी फुकिएनमध्ये ह्वाआन इथे. शिकवणारे नौदलाचे आणि मरीन. म्हणून साकोचे फोटो ओएसएसच्या नावाखाली शोधले तर सापडत नाहीत.

दुसरा प्रवाह खुद्द ओएसएसचा. सुरुवातीला माइल्सच तिचेही चीनमधले प्रमुख होते. डिसेंबर १९४३ मध्ये ओएसएसचे प्रमुख डोनोव्हन चुंगकिंगला आले, त्यांनी माइल्सना त्या पदावरून काढलं आणि पुढे ओएसएसने आपला वेगळा संसार मांडला, मुख्यतः कुनमिंगमध्ये. १९४५ मध्ये तिने कुनमिंगजवळ चिनी कमांडो तुकड्यांना पॅराशूटसह तयार केलं. हे कमांडो चिनी सैन्यातून निवडलेले होते, गावातले गनिमी नव्हेत.

तिसरा येनानचा. २२ जुलै १९४४ रोजी कर्नल डेव्हिड बॅरेट यांच्या नेतृत्वाखालची ‘डिक्सी’ निरीक्षक तुकडी कम्युनिस्टांच्या या राजधानीत उतरली. तिच्यात ओएसएसची माणसं होती. शस्त्रं आणि स्फोटकांची प्रात्यक्षिकं तिथेही झाली, पण मोठ्या प्रमाणावर प्रशिक्षण झालं नाही.

चौथा प्रवाह गनिमी नव्हेच. नियमित चिनी सैन्याचं प्रशिक्षण कुनमिंगच्या पायदळ केंद्रात झालं आणि आपल्याकडे रामगढला, तेव्हाच्या बिहारमध्ये, ऑगस्ट १९४२ पासून. चिनी सैनिकांच्या डोक्यावर ब्रिटिशांची चपटी पसरट शिरस्त्राणं, अंगात खाकी हाफपँट आणि हातात अमेरिकी शस्त्रं दिसली, तर तो फोटो बहुधा रामगढचा असतो. ‘गनिमी प्रशिक्षण’ म्हणून असे फोटो सर्रास विकले जातात. रामगढचा फोटोही जमवण्याजोगा आहेच, पण त्याच्या खऱ्या नावाने.

प्रश्न : एका ऑनलाइन लिलावात ‘अस्सल युद्धकालीन प्रिंट’ आहे. पुढून-मागून दोन्ही फोटो दिलेत. खरं-खोटं कसं ठरवू? (पुणे)

उत्तर : मागची बाजू आधी आणि जास्त वेळ पाहा. चित्र कोणालाही पुन्हा छापता येतं, पाठीवरचा इतिहास तसा बनवणं कठीण.

अमेरिकी सेनेच्या सिग्नल कोअरचे, म्हणजे दळणवळण आणि छायाचित्रण पाहणाऱ्या विभागाचे, प्रिंट बहुधा चार बाय पाच किंवा आठ बाय दहा इंचांचे, चकचकीत कागदावरचे असतात. पाठीवर सायक्लोस्टाइल केलेली मजकुराची चिठ्ठी चिकटवलेली असते : तारीख, ठिकाण, माणसांची नावं आणि हुद्दे, छायाचित्रकाराचं नाव. रणक्षेत्रात दिलेल्या क्रमांकात बहुधा सीबीआय (चीन-बर्मा-इंडिया), मग वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि मग फोटोचा अनुक्रमांक असतो. वॉशिंग्टनला गेल्यावर ‘एससी’ने सुरू होणारा दुसरा क्रमांक मिळे, तो पुष्कळदा निगेटिव्हवरच लिहिलेला असल्याने प्रिंटच्या कोपऱ्यात पांढरा उमटतो. सेन्सॉरचा किंवा ‘प्रसिद्धीस मुक्त’ असा शिक्का असू शकतो. पण फक्त शिक्क्यावर विसंबू नका. रबरी शिक्का आज कोणीही करून घेतो. चिठ्ठीचा डिंक पिवळा पडलेला, तिच्या कडेने कागदाला हलका डाग उतरलेला आणि शिक्क्याची शाई धाग्यांत मुरलेली, असं सगळं एकमेकांशी जुळत असेल तर गोष्ट वेगळी.

प्रिंट हातात आला की क्रमाने हे करा :

दहा पट भिंगाने पाहा. सूक्ष्म रंगीत ठिपके दिसले तर इंकजेट, ठरावीक अंतरावरची ठिपक्यांची जाळी दिसली तर तो मासिकातून कापलेला छापील कागद. खऱ्या प्रिंटमध्ये छटा अखंड असतात.

अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च पाठीवर आणि कडेवर धरा. कागद निळसर-पांढरा झळकला तर त्यात उजळक रसायन आहे. ती रसायनं फोटोच्या कागदात १९५० च्या दशकात आली, म्हणजे प्रिंट नंतरचा. उलट मात्र खरं नाही. कागद झळकला नाही म्हणून तो युद्धकालीन ठरत नाही, कारण नंतरच्या काही कागदांतही ती रसायनं नाहीत. आणि नुसते झळकणारे डाग पाठीवर असतील तर ते अलीकडच्या डिंकाचे किंवा साबणाचे असू शकतात, सबंध कागदाचं पाहा.

पाठीवरून बोट फिरवा. प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत पाठ म्हणजे रेझिनचा लेप दिलेला कागद, साधारण १९७० नंतरचा.

प्रिंट तिरपा धरून खिडकीच्या उजेडात पाहा. गडद भागात, विशेषतः कडांना, निळसर चंदेरी चमक दिसली तर चांदी पृष्ठभागावर आली आहे. ही वयाची चांगली खूण आहे, आणि तिची नक्कल अवघड असते.

सगळ्यात फसवी असते ती प्रतीची प्रत. मूळ प्रिंटचा फोटो काढून केलेल्या प्रतीत सावल्या एकदम काळ्या आणि आकाश कोरं पांढरं होतं. चित्रात घडी किंवा ओरखडा दिसतो, पण बोटाला लागत नाही. माजी सैनिकांनी एकमेकांना अशा प्रती काढून दिल्या. त्यांत लबाडी नाही, पण किंमत अस्सल प्रिंटची देऊ नये.

लिलावाच्या चित्रांवरून यातलं फारसं कळत नाही. विक्रेत्याकडे तिरप्या उजेडातला एक आणि पाठीच्या कोपऱ्याचा जवळून एक असे दोन फोटो मागा. देत नसेल तर बोली लावू नका.

प्रश्न : पाठ कोरी असेल तर कपडे आणि शस्त्रांवरून काळ ठरवता येतो का? (कोल्हापूर)

उत्तर : ‘याच्या आधीचा नाही’ इतकं बऱ्याचदा सांगता येतं. ‘याच्या नंतरचा नाही’ हे कठीण, कारण ही शस्त्रं १९४९ पर्यंतच्या चिनी यादवी युद्धातही वापरात होती.

एम-३ ही पत्र्याची, ओबडधोबड दिसणारी सबमशीनगन दिसली तर फोटो १९४३ च्या आधीचा नाही. एम-१ कार्बाइनच्या नळीखाली संगीन अडकवायचा खटका दिसला तर थांबा. तो १९४४ च्या उत्तरार्धात आला आणि युद्ध संपेपर्यंत फार थोड्यांवर होता, त्यामुळे असा फोटो युद्धानंतरचा असण्याची दाट शक्यता. दोन मॅगझिनं पाठीला पाठ लावून उलटसुलट जोडलेली सबमशीनगन दिसली तर ती युनायटेड डिफेन्स एम-४२. ही ओएसएसमार्फत पुष्कळ वाटली गेली, म्हणून फोटो तिथला असण्याकडे कल जातो. तेवढ्यावर शिक्का मारू नका.

गणवेश इथे फसवतात. साकोतले नौसैनिक पायदळाचे खाकी कपडे घालत आणि बरेचदा हुद्द्याची खूण लावत नसत. वायव्येच्या छावणीत तर अमेरिकी माणसंही जाड अस्तराच्या चिनी कोटात आणि कानटोपीत दिसतात. चिनी माणसाच्या टोपीवर बारा किरणांचा सूर्य असेल तर तो बहुधा राष्ट्रवादी (च्यांग कै-शेक यांच्या सरकारच्या) बाजूचा, पण जपानविरोधी युद्धात कम्युनिस्टांची काही पथकंही हा बिल्ला लावत. सूर्य नसेल तर लगेच कम्युनिस्ट म्हणू नका, साकोच्या गनिमी पथकांकडेही पुष्कळदा काहीच बिल्ला नसे.

आणखी एक तपासणी सगळे विसरतात : फोटो उलटा छापलेला तर नाही? बोल्ट रायफलचा खटका उजव्या बाजूला असतो, पुरुषाच्या शर्टाची बटणं त्याच्या उजव्या हाताला. खटका रायफलच्या डाव्या बाजूला आणि बटणं त्या माणसाच्या डाव्या हाताला दिसली तर निगेटिव्ह उलटी ठेवून छापली आहे. मग फलकावरची अक्षरंही उलटी असणार, आणि चिनी न वाचणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही.

प्रश्न : लांबट गटछायाचित्रावर वरच्या पट्टीत चिनी मजकूर आहे. त्यावरून तारीख कशी काढायची? (नाशिक)

उत्तर : अशी छायाचित्रं बहुधा तुकडी शिकून बाहेर पडताना काढलेली असतात. मजकूर उजवीकडून डावीकडे वाचायचा. वर्ष बहुधा चिनी प्रजासत्ताकाच्या गणनेत असतं. त्यात १९११ मिळवा : ३२ म्हणजे १९४३, ३३ म्हणजे १९४४, ३४ म्हणजे १९४५. मजकुरात तुकडीचा किंवा वर्गाचा क्रमांक असेल तर तो सर्वांत मोलाचा, कारण त्यावरून छावणी शोधता येते. पट्टीचा वेगळा स्कॅन १२०० पीपीआयला (इंचाला १२०० पिक्सेल) काढा आणि जुनी पारंपरिक लिपी वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. मोबाइलचं भाषांतर हस्तलिखित अक्षरांवर भरवशाचं नाही.

गावाचं नाव कळलं की ते दोन्ही लेखनांनी शोधा. अमेरिकी कागदपत्रांत चुंगकिंग, येनान, फुकिएन असतं, आजच्या नकाशात चोंगछिंग, यानआन, फुचिएन.

प्रश्न : मुंबईच्या जुन्या बाजारात एका अमेरिकी सैनिकाचा अल्बम मिळाला. काळी पानं, पांढऱ्या शाईत नोंदी. सुरुवातीला गेटवे आणि व्हीटी, शेवटी चीन. चीनची पानं विकत घ्यायला एक जण तयार आहे. द्यावीत का? (मुंबई)

उत्तर : नाही. कृपा करून देऊ नका.

अमेरिकी सैनिकांची जहाजं मुंबईला लागत, तिथून रेल्वेने कलकत्ता, मग आसाम आणि चबुआसारख्या धावपट्ट्यांवरून हिमालय ओलांडून कुनमिंग. तुमच्या अल्बमचा क्रम हाच प्रवास सांगतो. चीनच्या पानांवरचा प्रशिक्षक कोण, कोणत्या महिन्यात पोहोचला, नौदलाचा की सेनेचा, हे मुंबई-कलकत्त्याच्या पानांवरच्या नोंदींतून कळण्याची शक्यता असते. पानं फाडली की दोन्हीकडचे फोटो मुके होतात. बाजारात सुट्या ‘गनिमी’ फोटोला चांगला भाव येतो म्हणून असे अल्बम रोज फुटतात, आणि या छंदाचं सर्वांत मोठं नुकसान तेच आहे.

आधी सबंध अल्बमची नोंद करा. प्रत्येक पान जसं आहे तसं, नोंदींसह, ६०० पीपीआयला रंगीत स्कॅन करा. अल्बमचा कणा बांधलेला असेल तर पानं सपाट काचेवर दाबू नका, कॅमेरा वरून लावून दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे ठेवा. चिकटवलेले फोटो सोलू नका, वाफ तर अजिबात देऊ नका, चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर विरघळतो. कोपऱ्यांत अडकवलेला फोटो सहज निघत असेल तरच काढा, पाठ स्कॅन करा आणि त्याच जागी ठेवा. पानांमध्ये आम्लरहित पातळ कागद घाला, पण बांधणी ताणली जाईल इतका नाही.

काही फोटो तुम्हाला दुसऱ्या अल्बमांतही दिसतील. रस्त्यावरची दृश्यं, प्रेतं, शिरच्छेद असे फोटो सैनिकांना संचाने विकले जात. ते अल्बमच्या मालकाने काढले असं धरू नका. ओळखायची खूण म्हणजे आकार आणि कागद बाकीच्या फोटोंपेक्षा वेगळा असतो.

अल्बम परदेशी विकायचा विचार असेल तर एक कायदेशीर बाब. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात वस्तूंसाठी शंभर वर्षांची अट असली, तरी ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना, अभिलेखांना आणि दस्तऐवजांना पंचाहत्तर वर्षांचीच आहे. हस्तलिखित नोंदींचा १९४४ चा अल्बम त्यात मोडू शकतो. पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करा.

प्रश्न : अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हेच फोटो फुकट मिळतात असं ऐकलं. मग विकत का घ्यायचे? (न्यू जर्सी)

उत्तर : चित्र हवं असेल तर घेऊ नका, खरंच. तुम्ही तर जवळ राहता : मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कला जा. ओएसएसची कागदपत्रं रेकॉर्ड ग्रुप २२६ मध्ये आहेत, सिग्नल कोअरचे फोटो १११-एससी या मालिकेत, नौदलाचे ८०-जी मध्ये. माइल्स यांची खासगी कागदपत्रं स्टॅनफर्डच्या हूवर संस्थेत आहेत. सरकारी नोकराने कामाचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंवर अमेरिकेत स्वामित्वहक्क नसतो. सैनिकाने स्वतःच्या कॅमेऱ्याने फावल्या वेळात काढलेल्यांचं तसं नाही, वृत्तसंस्थांच्या फोटोंचंही नाही. छापण्याआधी हा फरक पाहा.

संग्राहकाने विकत घ्यावेत ते अभिलेखागारात नसलेले फोटो : सहा बाय नऊ सेंटीमीटरचे, कातरलेल्या कडांचे खासगी स्नॅप. सरकारी छायाचित्रकार अधिकाऱ्यांची पाहणी, रांगा, नेमबाजीचा सराव टिपतो. स्वयंपाक, आजारी शिकाऊ, दुभाषा, नदीतून सामान नेणारे हमाल हे सगळं या छोट्या फोटोंत असतं. दुभाष्याकडे विशेष लक्ष द्या. सगळं शिक्षण त्याच्या तोंडून होत होतं आणि अधिकृत मजकुरात त्याचं नाव क्वचित येतं.

प्रश्न : घर रत्नागिरीत. पावसाळ्यात फोटो एकमेकांना चिकटतात. (रत्नागिरी)

उत्तर : प्लॅस्टिकची पाकिटं आधी काढा. पीव्हीसी तर कुठेच नको. कोकणात चांगलं पॉलिएस्टरसुद्धा दमटपणात जिलेटिनला चिकटून चकचकीत डाग पाडतं. आम्लरहित, क्षारभर (बफर) न घातलेल्या कागदाची पाकिटं वापरा, एका पाकिटात एकच फोटो, आणि उभे ठेवा.

रबरी कडेचा, हवाबंद झाकणाचा वीस लिटरचा डबा घ्या. त्यात अर्धा किलो सिलिका जेल कापडी पिशवीत, फोटोंना न टेकता, आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ३५ ते ५० टक्क्यांत राहायला हवा. पन्नासच्या वर गेला की जेल ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास वाळवा, पूर्ण गार झाल्यावरच परत घाला. तीसच्या खाली गेला तर थोडं जेल काढा, फार कोरड्या हवेत जिलेटिन आकसून प्रिंट वळतात. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. जुलैत डबा उघडायचाच असेल तर पाऊस नसलेल्या दुपारी आणि थोडा वेळच.

आधीच चिकटलेले फोटो ओढू नका. मूल्यवान असतील तर संवर्धकाकडे तसेच जोडीने न्या.

प्रश्न : फोटोंबरोबर निगेटिव्ह आल्या. डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो. (पुणे)

उत्तर : तो अ‍ॅसिटेट फिल्म कुजत असल्याचा वास. ही वाफ शेजारच्या फिल्मनाही लागते, म्हणून त्या आजच वेगळ्या करा आणि कागदी पाकिटात ठेवा. सर्वांत आधी त्याच स्कॅन करा : ३५ मिमी असतील तर ४००० पीपीआय, सहा बाय नऊ असतील तर २४०० पुरे. वळलेल्या असतील तर जोर लावू नका, थर सुटतो.

कडेवर ‘सेफ्टी’ लिहिलेलं नसेल, फिल्म पिवळट, चिकट आणि वेगळ्याच उग्र वासाची असेल तर ती नायट्रेट असू शकते. कोडॅकची काही रोल फिल्म १९५० पर्यंत नायट्रेटवर येत होती. ती भडकन पेटते आणि पाण्याने विझत नाही. जाळून पाहण्याची ‘चाचणी’ करू नका. गच्च बंद डब्यात किंवा बंद कपाटात ठेवू नका, उष्णतेपासून दूर ठेवा आणि पुण्यातच असलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे सल्ला मागा.

प्रश्न : एका फोटोखाली ‘अमेरिकी सल्लागार, चुंगकिंगची छळछावणी’ असं छापलंय. विश्वास ठेवावा? (औरंगाबाद)

उत्तर : ओळ कधी आणि कोणी लिहिली ते आधी पाहा. साकोच्या मुख्य ठाण्याच्या परिसरातच ताई लींच्या यंत्रणेचे पाइकुंगक्वान आणि चात्झेतुंग हे तुरुंग होते. २७ नोव्हेंबर १९४९ रोजी पळ काढणाऱ्या राष्ट्रवादी राजवटीने तिथल्या कैद्यांची कत्तल केली. पुढे तिथे स्मारक झालं आणि साकोचं नाव त्या कत्तलीशी जोडलं गेलं. अमेरिकी तुकडी तोवर गेलेली होती. ताई ली स्वतः मार्च १९४६ मध्येच विमान अपघातात मेले. म्हणून १९४९ नंतर छापलेली ओळ हा त्या काळच्या राजकारणाचा पुरावा, चित्रात काय आहे त्याचा नव्हे. दुसऱ्या बाजूने, ताई लींचे पोलीस काय करत होते याकडे डोळेझाक करणारी माजी अमेरिकी सैनिकांची वर्णनंही तशीच तपासा. हॅपी व्हॅलीत पोलिसी तपासाचंही शिक्षण दिलं जात होतं, आणि ते कोणाविरुद्ध वापरलं गेलं हा प्रश्न रास्त आहे.

तुमच्या नोंदवहीत दोन रकाने ठेवा. एकात फोटोवर किंवा पाठीवर जे लिहिलंय ते जसंच्या तसं, चुकांसकट. दुसऱ्यात तुमचा निष्कर्ष, त्याचं कारण आणि तारीख. प्रिंटच्या पाठीवर लिहायचंच असेल तर फक्त क्रमांक, मऊ २बी पेन्सिलने, कडेला, कडक सपाट पृष्ठभागावर ठेवून आणि न दाबता. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूने उमटतो.